मूल आज काय करते? सेरेब्रल पाल्सीतील हालचालींची तपासणी

तीन आठवड्यांपूर्वी या सदरात तापामुळे येणाऱ्या झटक्यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एक पत्र वेगळे निघाले. ते एका आजोबांचे आहे. नातू सव्वातीन वर्षांचा. जन्मतः रडला नाही, अकरा दिवस काचेच्या पेटीत होता, पुढे झटके आले. शहरातील बालरोगतज्ज्ञांनी ‘सी.पी.’ असे निदान लिहून दिले आहे. आजोबांनी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत आणि शेवटी लिहिले आहे, ‘नातू चालेल की नाही, एवढेच कळवावे.’

कागद पाहून एवढेच कळवणे शक्य नसते, हे प्रथम सांगितले पाहिजे. अशा जाड फायली माझ्या टेबलावर नेहमी येतात. त्यांत एम.आर.आय. असतो, ई.ई.जी. असतो, रक्ताचे रिपोर्ट असतात. मात्र हे मूल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत स्वतःच्या अंगाने काय काय करते, याची एक ओळही बहुधा नसते. मेंदूला इजा कोठे आणि साधारण केव्हा झाली, हे एम.आर.आय. सांगतो. मूल हात न टेकता बसते का, कुशीवर वळते का, हे त्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी मुलाला सतरंजीवर खाली ठेवून त्याच्याकडे पाहत बसावे लागते. चालण्याविषयी काही सांगता येत असेल, तर ते या पाहण्यावरूनच. म्हणून आजचा लेख त्या पाहण्याविषयी आहे.

सेरेब्रल म्हणजे मेंदूसंबंधीचा आणि पाल्सी म्हणजे लुळेपणा. बाळ पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली, की हालचाल आणि अंगाचा तोल यांत कायमचा दोष राहतो. इजा स्वतः वाढत नाही. परंतु मूल वाढते, हाडे लांब होतात, ताठर स्नायू मागे पडतात, आणि म्हणून शरीरावरचा परिणाम वयाप्रमाणे बदलत जातो. जिवंत जन्मलेल्या हजार बाळांमागे साधारण दोन ते तीन बाळांत हा विकार आढळतो. बहुतेकांचे स्नायू ताठ असतात. काहींच्या अंगात नको असलेल्या वेड्यावाकड्या हालचाली सारख्या चालू असतात. जन्मानंतर कावीळ फार वाढलेल्या मुलांत हा प्रकार दिसतो. थोड्यांचा फक्त तोल जातो.

लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली या विकाराचा संबंध अवघड बाळंतपणाशी जोडला. त्यामुळे बरीच वर्षे त्याला ‘लिटलचा आजार’ असेच म्हणत. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, तेच मनोविश्लेषणवाले, ते आधी मज्जासंस्थेचे डॉक्टर होते) शंका काढली, की कधी कधी बाळात आधीच काही बिघडलेले असते आणि म्हणून बाळंतपण अवघड होते. आज आपल्याला ठाऊक आहे, की दिवस भरण्याआधी झालेला जन्म, गुदमरणे, गर्भातील जंतुसंसर्ग, मेंदूज्वर अशी अनेक कारणे आहेत आणि कित्येकदा कारण सापडतच नाही. हे मुद्दाम लिहिले, कारण आमच्याकडे अजूनही सुनेने ग्रहणात भाजी चिरली हे कारण सांगणाऱ्या सासूबाई येतात. सून शेजारच्या स्टुलावर खाली मान घालून बसलेली असते.

लसीच्या दिवशी काय पाहावे

सरकारी वेळापत्रकाप्रमाणे बाळ सहा, दहा व चौदा आठवड्यांनी, नंतर नवव्या महिन्यानंतर आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास लसीसाठी येते. हालचाल पाहण्याची याहून चांगली संधी नाही. अडचण एवढीच, की सुई टोचेपर्यंत सगळे घाईत असतात आणि सुई टोचल्यावर बाळ रडत असते. म्हणून आधी पाहावे, मग टोचावे.

मी बाळाला लगेच हात लावत नाही. आईच्या मांडीवर असतानाच बरेच दिसते. मुठी घट्ट मिटलेल्या आहेत का? चार महिन्यांनंतरही अंगठा आत घेऊन मूठ सारखी मिटलेली असेल, तर मी वहीत खूण करतो. किल्ल्यांचा जुडगा समोर धरला, की बाळ कोणता हात पुढे करते? वर्षाच्या आत बाळ डावरे किंवा उजवे नसते. ते दोन्ही हात वापरते. आठ महिन्यांचे बाळ नेहमी डावाच हात पुढे करत असेल, तर ते डावरे नसून उजव्या बाजूत काही उणे असण्याची शक्यता असते. चौथा महिना उलटल्यावर बाळाला दोन्ही हात धरून हळूच उठवून बसवताना मान पूर्ण मागे लोंबत असेल, तर तेही लक्षण आहे.

काही लक्षणे आयाच सांगतात, पण तक्रार म्हणून सांगत नाहीत. ‘लंगोट बांधताना मांड्या फाकतच नाहीत’, ‘अंघोळ घालताना लाकडासारखा होतो’. तेल लावणाऱ्या बाईंनाही हे आधी कळते, कारण रोज शंभर ठिकाणी त्यांचा हात फिरतो. घरात ज्याचे कौतुक होते अशीही एक गोष्ट आहे. चार महिन्यांच्या बाळाला काखेत धरून उभे केले, की ते पाय काठीसारखे ताठ करून चवड्यांवर उभे राहते, आणि आजी म्हणते, ‘बघा, किती दणकट आहे, आत्ताच उभा राहतोय.’ पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत असतील, तर ही ताकद नव्हे. त्या बाळाला त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

तीन ते पाच महिन्यांच्या निरोगी बाळाच्या मानेत, मनगटांत, घोट्यांत जागेपणी सतत बारीक चुळबुळ चालू असते. डॉ. प्रेख्टल यांनी या चुळबुळीचा अभ्यास केला. ती अजिबात नसेल, तर पुढे सेरेब्रल पाल्सी होण्याचा धोका बराच वाढतो. हे ओळखायला शिकलेली नजर लागते, पण काम साधे आहे. बाळाला उताणे ठेवून, खेळणे न दाखवता, मोबाईलवर तीन-चार मिनिटांचे चित्रण करायचे आणि ते जाणकाराला दाखवायचे. पूर्वी निदानासाठी दीड-दोन वर्षे वाट पाहत. आता अशा तपासण्यांमुळे धोक्यातील बाळांचे निदान पहिल्या सहा महिन्यांतही होऊ शकते आणि व्यायामोपचार लगेच सुरू करता येतात.

वयाचे आकडे विचारले जातात म्हणून देतो. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुले पाहून २००६ साली काही मर्यादा प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिने, एकट्याने चालणे ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे अकराव्या महिन्यात चालणारे आणि सतराव्या महिन्यात चालणारे, दोन्ही मुले ठीकच. सुमारे ४ टक्के निरोगी मुले गुडघ्यांवर रांगतच नाहीत, त्यामुळे रांगला नाही एवढ्यावरून घाबरू नये. परंतु दहाव्या महिन्यात बसत नाही किंवा दीड वर्ष उलटूनही चालत नाही, अशा मुलाच्या बाबतीत ‘त्याचा बापही उशिराच चालला होता’ हे उत्तर पुरे नाही. कमी दिवसांच्या बाळाचे वय मात्र भरल्या दिवसांपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेले बाळ सहा महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाचीच अपेक्षा ठेवावी. दोन वर्षांपर्यंत हा हिशेब धरतात.

पाच पातळ्या

निदान झाल्यानंतरचा प्रश्न असतो, त्रास किती आहे? पूर्वी आम्ही सौम्य, मध्यम, तीव्र असे लिहीत असू. एका डॉक्टरांचे मध्यम ते दुसऱ्यांचे तीव्र. १९९७ साली कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित पॅलिसानो, रोझेनबाम आदी संशोधकांनी मुलांच्या मोठ्या हालचालींच्या, म्हणजे बसणे, सरकणे, उभे राहणे, चालणे यांच्या, पाच पातळ्या ठरवून दिल्या. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून जी.एम.एफ.सी.एस. म्हणतात. २००७ मध्ये ती सुधारून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी वाढवली. आज जगभर डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हीच भाषा बोलतात. आपल्या मुलाच्या कागदावर पातळी लिहिलेली नसेल, तर पालकांनी ती विचारून लिहून घ्यावी.

सहा वर्षांपुढच्या मुलाचे उदाहरण घेऊ. पहिल्या पातळीचे मूल घरात, अंगणात, शाळेत चालते, कठडा न धरता जिना चढते, पळते, उड्याही मारते. फक्त वेग आणि तोल कमी पडतो. दुसऱ्या पातळीचे मूल चालते, पण जिन्याला कठडा लागतो आणि खाचखळग्यांत, चढावर, बाजाराच्या गर्दीत अडचण येते. तिसऱ्या पातळीचे मूल वॉकर किंवा कुबड्या हातात धरून घरात आणि वर्गात चालते. लांब जायचे तर चाकाची खुर्ची. चौथ्या पातळीच्या मुलाला बसतानाच अंगाला आधार लागतो. कोणी धरले तर घरातल्या घरात थोडे अंतर चालेल, पण एरवी खुर्चीतूनच फिरवावे लागते. पाचव्या पातळीच्या मुलाला मान आणि धड सावरणेही कठीण असते.

लहान वयाची वर्णने वेगळी आहेत. दोन वर्षांच्या आतले पहिल्या पातळीचे बाळ दोन्ही हात मोकळे ठेवून बसते, रांगते, धरून उभे राहते. तिसऱ्या पातळीचे बाळ कमरेला आधार दिला तर जमिनीवर बसते, लोळते आणि पोटावर सरकते. मात्र दोन वर्षांपूर्वी दिलेली पातळी पक्की समजू नये. दुसऱ्या वाढदिवसानंतर ती पुन्हा तपासून घ्यावी. त्यानंतर ती सहसा फारशी बदलत नाही.

या पद्धतीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा नियम असा, की मूल काय ‘करू शकते’ हे न विचारता ते रोज काय ‘करते’ हे पाहायचे. ऐकायला हा फरक बारीक वाटतो. पाच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे येत असे. फिजिओथेरपीच्या खोलीत दोन दांड्या धरून तो आठ-दहा पावले टाकत असे आणि वडील अभिमानाने सांगत, ‘आता चालतो.’ घरी आईला विचारले, तर संडासला, जेवायला, अंगणात, सगळीकडे तो तिच्या कडेवर. दांड्यांमधली आठ पावले खरी होती आणि त्यांचे कौतुकही व्हायला हवे. पण त्याचा दिवस आईच्या कमरेवर चालला होता. उपचार ठरवताना हिशेबात घ्यायचा तो दिवस. त्या कुटुंबाला दांड्यांमधली पावले आठाची दहा करण्यापेक्षा घरात वापरायचा वॉकर, मोरीजवळ धरायला पाइप आणि जेवताना बसायला टेकाची खुर्ची यांची गरज होती. आईची कंबर तोवर दुखायला लागली होती. ती त्यासाठी गोळ्या घ्यायला आली, म्हणून हे कळले.

पाश्चात्त्य वर्णने वाचताना आपल्या घरांचाही विचार करावा लागतो. त्यांच्याकडे जिन्याला कठडा गृहीत आहे. आपल्याकडे ओट्याच्या दगडी पायऱ्या, उंच उंबरठा, ओली मोरी, उकिडवे बसायचा संडास. त्यामुळे आमच्या तपासणीत मी काही प्रश्न जादा विचारतो. मांडी घालून बसवले तर किती वेळ बसतो? बुडावर सरकत दारापर्यंत जातो का? उंबरठा कसा ओलांडतो? उकिडवे बसताना काय धरतो? ज्या मुलाला वॉकर कधी मिळालाच नाही, ते मूल रोजच्या वागण्यात चौथ्या पातळीचे दिसते. वॉकर दिला आणि चार महिने वापरला, की ते तिसऱ्या पातळीचे ठरते. सुताराने केलेला लाकडी पांगुळगाडाही काही मुलांना सुरुवातीला उपयोगी पडतो, मात्र तो फिजिओथेरपिस्टला दाखवून, उंची ठरवून आणि चाके फार सैल न ठेवता घ्यावा. मुलाला आत बसवून लोटायचा, बाजारात मिळणारा गोल प्लास्टिकचा वॉकर घेऊ नये. त्यात ताठर पायांचे मूल चवड्यांवरच ढकलत राहते आणि ती खोड पक्की होते.

मोजमाप

पातळी हा ढोबळ अंदाज झाला. सहा महिन्यांच्या व्यायामाने फरक पडला का, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी जी.एम.एफ.एम. नावाची तपासणी आहे. तिच्यात ८८ कृती आहेत. पडून लोळणे, बसणे, रांगणे व गुडघ्यांवर उभे राहणे, उभे राहणे, आणि शेवटी चालणे-पळणे-उडी मारणे, असे तिचे पाच भाग आहेत. प्रत्येक कृतीला ० ते ३ गुण. सुरुवातही केली नाही तर ०, नुसती सुरुवात केली तर १, अर्धवट केली तर २, पूर्ण केली तर ३. पाच वर्षांचे निरोगी मूल या सर्व ८८ कृती करू शकते. कृती अगदी साध्या आहेत. सतरंजीवर हात न टेकता तीन सेकंद बसणे, मोठी वस्तू दोन्ही हातांत धरून दहा पावले चालणे, एका पायावर दहा सेकंद उभे राहणे. चपला-बूट काढून, मोकळ्या जागेत, न घाई करता ही तपासणी करतात. तिला पाऊण ते एक तास लागतो. भुकेले किंवा झोपेला आलेले मूल नेऊ नये. गुण उगाच कमी पडतात.

हे गुण वर्गातल्या गुणांसारखे समजू नयेत. शेजारच्या मुलाला ६० आणि आपल्याला ४०, ही तुलना निरर्थक आहे. सहा महिन्यांपूर्वी आपलेच मूल ३६ वर होते आणि आज ४० वर आहे, एवढीच तुलना कामाची. आणि ते चार गुण कोठे वाढले हेही विचारावे. बसण्यात वाढले असतील, तर दोन्ही हात मोकळे झाले, म्हणजे आता पाटी धरता येईल, भाकरी मोडता येईल. हातांच्या वापरासाठी २००६ पासून अशीच वेगळी पाच पातळ्यांची पद्धत आहे. तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

याखेरीज फिजिओथेरपिस्ट सांधे तपासतो. गुडघा आधी हळू आणि मग झटकन सरळ करून पाहतो. झटकन करताना मध्येच अडकल्यासारखा झाला, तर ते स्नायूचे ताठरणे. हळू करूनही सरळ होत नसेल, तर स्नायू आखूड झालेला आहे. पहिल्यावर व्यायाम, औषधे किंवा बोटॉक्सचे इंजेक्शन चालते. दुसऱ्याला स्प्लिंट, प्लास्टर किंवा शस्त्रक्रिया लागू शकते. हा फरक न पाहता सगळ्यांना एकच तेल आणि एकच मालिश सांगणारे लोक आहेत. मालिशने मुलाला बरे वाटते, झोप लागते, माझा त्याला विरोध नाही. हालचाल मात्र मुलाने स्वतः केली तरच वाढते. दुसऱ्याने हातपाय हलवून दिल्याने फारसे साधत नाही.

मग चालेल का?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. २००२ साली याच कॅनडातील संशोधकांनी ६५७ मुलांचे गुण काही वर्षे मोजून वाढीच्या रेषा काढल्या. त्यावरून दिसले, की पहिल्या पातळीची मुले हालचालीतील आपला जो काही पल्ला असेल त्याचा नव्वद टक्के भाग सरासरी पावणेपाच वर्षांच्या सुमारास गाठतात. तिसऱ्या पातळीची ३.७ वर्षांपर्यंत आणि पाचव्या पातळीची २.७ वर्षांपर्यंत. सरासरी ती सरासरी. एकाच पातळीत मुलांमुलांत पुष्कळ फरक असतो. तरी दिशा स्पष्ट आहे. पहिली चार-पाच वर्षे सोन्याची आहेत आणि आजार जितका तीव्र, तितका हा काळ लवकर संपतो.

दोन वर्षांपर्यंत हात न टेकता बसू लागलेली बहुतेक मुले पुढे चालतात, कोणी मोकळी तर कोणी वॉकर घेऊन. सव्वातीन वर्षांचा नातू आज स्वतःहून बसत असेल, सरकत असेल, धरून उभा राहत असेल, तर चालण्याची आशा चांगली आहे. अजून मानही सावरत नसेल, तर तो स्वतंत्रपणे चालण्याची शक्यता फार थोडी आहे. हे लिहिताना जड वाटते, पण अनेक घरांत हे कोणी स्पष्ट सांगितलेलेच नसते. मग लोक शोधत राहतात. माझ्या माहितीतील एका कुटुंबाने अर्धा एकर विकून मुलाला दूरच्या शहरात ‘स्टेम सेल’ची इंजेक्शने दिली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या काही विकारांपलीकडे स्टेम सेलला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही. त्या मुलाची पातळी चौथीच राहिली. शिवाय त्या धावपळीत दोन वर्षे कोणी त्याच्या खुब्याचा एक्स-रे काढला नाही.

खुब्याविषयी अधिक लिहिले पाहिजे. मांडीचे ताठर स्नायू हाडाचा गोळा हळूहळू खोबणीबाहेर ओढतात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेरेब्रल पाल्सीच्या सुमारे एक तृतीयांश मुलांचे खुबे सरकलेले आढळले. पहिल्या पातळीत जवळपास कोणाचे नाही. पाचव्या पातळीत ९० टक्के मुलांचे. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कळत नाही. पुढे बसवताना, लंगोट बदलताना मूल किंचाळू लागते, तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिसऱ्या ते पाचव्या पातळीच्या मुलाचा दोन वर्षांच्या आत कमरेचा एक साधा एक्स-रे काढावा आणि पुढे तज्ज्ञ सांगतील त्याप्रमाणे सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा काढावा. वेळीच कळले, तर लहान शस्त्रक्रियेवर भागू शकते. पातळी ठाऊक असण्याचा हा अगदी रोकडा फायदा आहे.

दुसरा फायदा शाळेचा. ‘चालायला लागला की शाळेत घालू’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की पालक तोंड उघडण्याआधीच मला ते ऐकू येते. जे मूल चालणारच नाही किंवा दहाव्या वर्षी वॉकरवर चालेल, ते तोवर घरी बसून राहते. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण निम्म्या मुलांची बुद्धीही मागे असते. म्हणजे निम्म्यांची नसते. ज्यांच्या अंगात वेड्यावाकड्या हालचाली आहेत, बोलणे अस्पष्ट आहे, अशी कित्येक मुले सगळे समजत असून बोलू न शकल्याने ‘मंद’ ठरतात. डॉ. मिथू अलूर यांनी अशा मुलांच्या शिक्षणासाठी मुंबईत १९७२ साली स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली, तीही स्वतःच्या मुलीच्या अनुभवातून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. हेडमास्तर नाही म्हणाले तर कायद्याचे नाव घ्यावे, आवाज न चढवता.

घरची वही

तपासणीला येण्याआधी पालकांनी एक आठवडा वही ठेवावी. शंभर पानी नको, दोन पाने पुरतात. सकाळी अंथरुणात स्वतः वळतो का? दात घासताना बसतो तो भिंतीला टेकून, की मोकळा? जेवताना एक हात जमिनीवर टेकलेला असतो का? एका खोलीतून दुसरीत कसा जातो, लोळत, पोटावर, बुडावर, रांगत, धरून की कडेवर? कशाला मदत लागली आणि किती, नुसता एक हात की सगळे वजन? जे नेहमी करतो ते निळ्या शाईने आणि जे एखाद्या वेळीच केले ते पेन्सिलीने लिहावे. बाबांसमोर करतो ते आईसमोर करत नाही, असेही असते, तेही लिहावे. त्याच आठवड्यात खाली बसलेला, सरकताना आणि उभा असतानाचा असे तीन छोटे व्हिडिओ घ्यावेत, अंगात चड्डी-बनियन एवढेच, म्हणजे पाठ आणि पाय दिसतात. दवाखान्यात आल्यावर मूल रडते आणि काहीच करत नाही, तेव्हा हे चित्रण फार कामी येते. सहा महिन्यांनी पुन्हा तीच दोन पाने लिहावीत.

हे सर्व करायला मुंबई-पुण्यालाच जावे लागते असे नाही. केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्याच कार्यक्रमात जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची सोय धरलेली आहे. तेथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचा तज्ज्ञ एका छताखाली असावेत अशी रचना आहे. आपल्या अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना विचारले, तर त्या चिठ्ठी देतात. केंद्रात जाताना जन्माच्या वेळचे कार्ड, लसीचे कार्ड, जुने एक्स-रे, वर सांगितलेली वही आणि मुलाचे आवडते खेळणे न्यावे. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यू.डी.आय.डी. कार्डासाठी अर्ज केला नसेल, तर त्याच फेरीत चौकशी करावी. एस.टी.चा एक हेलपाटा वाचतो.

या मुलांना गिळताना लागणारा ठसका आणि झटक्यांची औषधे हे दोन विषय जागेअभावी राहिले. ते पुढील आठवड्यात पाहू.